आजारी वावर

जालना, एमआयडीसी
४ जुलै २०२४

ती. सगुणाआक्कास,

विषय: सुतळीच्या गाठीबाबत अत्यंत गंभीर तक्रार.

उपरोक्त विषयान्वये कळवण्यात येते की, फकरोद्दीनच्या टेम्पोतून तू पाठवलेला मातीचा पुडा काल साडेदहाला माझ्या टेबलावर आला आणि सव्वाअकराला उघडला. मधला पाऊण तास मी, म्हणजे एम.एस्सी. कृषी, अनुभव तेवीस वर्षं, वय एकावन्न, एका सुतळीशी झुंजत होतो. नख गेलं. दात लावला तर दाढेतलं सिमेंट हललं. कात्री आहे, पण आधीची चोरीला गेल्यामुळे कार्यालयाने नवी कात्री साखळीने खिडकीच्या गजाला बांधली आहे आणि साखळी माझ्या टेबलापर्यंत पोचत नाही. शेवटी पुडा कडेवर घेऊन खिडकीशी गेलो. सगळ्या प्रयोगशाळेने काम थांबवून तो सोहळा पाहिला. आक्का, आत दोन मुठी माती होती. ती पळून जाणार होती का?

असो. आता कामाचं. परवा आम्ही तुझ्या रस्त्याकडच्या वावरात तूर टोकून गेलो. तिसरं वर्ष आहे, तरी नियम पुन्हा सांगतो. हे वावर आजारी आहे आणि ते आजारीच ठेवायचं आहे. त्या आजाराचंच कंपनी तुला भाडं देते. मातीत मर रोगाची बुरशी आहे. ती टिकावी म्हणून मेलेली झाडं बारीक तोडून तिथेच गाडायची. शेणखत, औषध, अंगारा, काही टाकायचं नाही. आजूबाजूला तुझी दुसरी तूर नको. तुरीच्या बारा जाती आहेत, प्रत्येकीची शंभर झाडांची एक ओळ. एक नंबरची ओळ मरण्यासाठीच लावली आहे. ती मेली नाही तर वावर बरं झालं असं समजायचं, आणि वावर बरं झालं तर माझी नोकरी आजारी पडेल. कुठली ओळ कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. नऊ नंबर रस्त्याच्या कडेला आली आहे. तिच्यात माझी आठ वर्षं आहेत. नऊ नंबर जगलीच पाहिजे.

आणि ‘फोन कर की’ म्हणू नकोस. फोनवर तू ‘हां, हां’ म्हणतेस आणि मग तुला हवं तेच करतेस. पुड्यासोबत चिठ्ठी हवी असा आमचा नियम आहे, आणि कागदावर निदान पुरावा राहतो.

तुझा,
आदिनाथ

*

कुंभार पिंपळगाव
१८ जुलै २०२४

चि. आदिनाथास अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. गाठ सुटंना म्हणून येवढा शिकलेला माणूस रडला, हे फकरोद्दीनला वाचून दाखवलं. तो म्हणला, “आपा, सैल बांधली अन् माती सांडली तर सारा टेम्पो मलाच झाडावा लागतो. आदिनाथभाईला सांगा, दात दुसरे बसवा.” तवा गाठ अशीच राहील.

तू ओळ म्हणतो, आम्ही तास म्हणतो. तुहे बाराही तास वर आले. एक नंबरची रोपं आतापासूनच माना टाकून राह्यली. ते तर बराबर, तुला पाह्यजेच व्हतं. पण आदिनाथा, वावर रस्त्याच्या कडंला हाये. जांबला समर्थाच्या दर्शनाला जाणारे लोक गाडी थांबवून पाह्यतात. मागच्या साली भुजंग भावजी पारावर म्हणले, “वहिनीनं तुरीचं मसनवटं काढलंय, वरून भाडं बी घेती.” सारे हसले. मी बी हसले. घरी येऊन जेवले न्हाई. सख्खा दीर, बांधाला बांध, त्यानं असं बोलावं. चाळीस साल झाले या घरात येऊन. तुहे दाजी व्हते तवा अन् ते गेल्यावर बी, माह्या तासात खाडा कुणी पाह्यला न्हाई. खाडा पडला की आठ दिवसाच्या आत तिथं रोप लागलंच पाह्यजे, ही सासूची शिकवण. आता तू म्हणतो मेलेलं उभं ठिव, पडलेलं गाड, अन् बघत बस. ठिवते बाबा.

आणखी एक. आठ वर्षांखाली तू एक मापटं घरची तूर नेल्ती. “संशोधनाला पाह्यजे आक्का, सवाईनं परत देतो,” म्हणला व्हता. संशोधन झालं असंल तर मापटं पाठव. घरचं बी गाडग्याच्या तळाला गेलंय.

तुझी,
सगुणाआक्का

*

जालना
२ ऑगस्ट २०२४

ती. आक्कास,

मापट्याचा विषय तू गेली आठ वर्षं काढते आहेस. एवढी चिकाटी माझ्या बुरशीतही नाही. तेव्हा काय झालं ते सांगतो: तुझी तूर आम्ही एक वर्ष चांगल्या जमिनीत लावली, दाणा बारीक निघाला, उतारा कमी आला, मी वहीत तिच्यावर फुली मारली. उरलेलं बी उंदरांनी तपासलं. मापटं बुडवणार नाही. सवाईने देईन म्हणालो ते देईनच.

फकरोद्दीन सांगत होता की तू चहाच्या हॉटेलातून दुधाच्या रिकाम्या पिशव्या मागवल्यास, तब्बल पन्नास. दह्याचा कारखाना काढते आहेस का?

इकडची गंमत ऐक. नऊ नंबर अजून वावरात पास व्हायची आहे, पण जाहिरात खात्याने तिच्या पिशवीवरचं चित्र काढूनही टाकलं. चित्रातल्या शेतकऱ्याला इतके दात आहेत की तूर शिजवायची गरज पडू नये. आमचे प्रमुख देवानंद साहेब मला म्हणाले, “जाधव, चित्र तयार आहे, आता फक्त तूर द्या.” ते वाईट नाहीत. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी चित्र घेऊन उभं आहे.

खरं सांगायचं तर मी दमलो आहे. आठ वर्षांपूर्वी चिमट्याने एकेक फूल उघडून हा संकर केला, तेव्हा चष्मा नव्हता. कुंडीत नऊ नंबर दोन वर्षं टिकली, पण कुंडी म्हणजे वावर नव्हे. तुझ्या आजारी वावरात शंभरातली नव्वद झाडं उभी राहिली तर बी वाढवायला जाईल आणि पुढच्या साली दहा हजार पिशव्या निघतील. नाही राहिली तर मार्चमध्ये तुरीचं काम बंद. एवढंच आहे. त्या ओळीत खाडा दिसू नये, बस.

आदिनाथ

*

कुंभार पिंपळगाव
२७ ऑगस्ट २०२४

चि. आदिनाथास आशीर्वाद.

पुड्यात एक, चार अन् सात नंबरच्या मेलेल्या काड्या हायेत. चिरून पाह्यल्या, आतून काळी रेघ हाये. नऊ नंबरची काडी न्हाई. नऊ नंबर भरगच्च उभी हाये, बिलकुल खाडा न्हाई.

पिशव्या घरात कामाला येतात.

पाऊस बराबर हाये. लिव्हायला दुसरं काही न्हाई.

सगुणाआक्का

*

जालना
३० नोव्हेंबर २०२४

ती. आक्कास,

त्या दिवशी तुझ्याकडून आल्यापासून पत्र लिहीन म्हणतो आहे, पण इथे मला अचानक लोक ओळखायला लागले आहेत, त्यात वेळ जातो. शंभरातली शहाण्णव. मी तीनदा मोजली ते तू बांधावरून पाहिलंसच. एक नंबर पुरती खलास, चार आणि सात निम्म्यावर, आणि त्यांच्या शेजारी नऊ नंबर कमरेच्या वर, फुलांनी पिवळी. भुजंगराव स्वतः येऊन म्हणाले, “पाव्हणं, हे बी आम्हाला बी द्या बरं का.” तुझा चेहरा मात्र वरणात मीठ विसरल्यासारखा होता. म्हटलं, थकली असशील. वांग्याची भाजी दोनदा वाढलीस, पण माझ्या ताटाकडे बघून, माझ्याकडे नाही.

देवानंद साहेबांनी प्रस्ताव वर पाठवला आहे. अर्जात तेवीस रकाने आहेत. बावीस भरले. तेविसावा ‘इतर’ असा आहे, तो कुणीच भरत नाही.

आता शेवटचं काम. शेंगा वाळल्या की नऊ नंबरची झाडं कापायची नाहीत. मुळासकट उपटून, शेंगांसह, जशीच्या तशी पाठव. आम्ही मुळंही चिरून बघतो.

आदिनाथ

*

कुंभार पिंपळगाव
९ जानेवारी २०२५

चि. आदिनाथास आशीर्वाद.

मुळाचं काय करतो? शेंगा घे की. उपटताना मुळं तुटतात, अन् टेम्पोत जागा लई जाते. वरून कापून, शेंगा झोडून, पोत्यात भरून देते. फकरोद्दीन बी म्हणतो, तेच बरं पडंल.

जल्दी कळव. झाडं उभी हायेत अजून.

सगुणाआक्का

*

जालना
१२ जानेवारी २०२५

ती. आक्कास,

मुळासकट. टेम्पोचा खर्च कंपनी देईल.

आदिनाथ

*

जालना
२४ जानेवारी २०२५

ती. आक्कास,

मोळ्या पोचल्या. या वेळी गाठी सैल होत्या. पहिल्यांदाच. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तुरीचं बी जमिनीत टोकलं की त्याचं सोटमूळ सरळ खाली जातं, खुंटीसारखं. शहाण्णवपैकी अठ्ठावन्न झाडांचं तसं आहे. उरलेल्या अडतीस झाडांचं मूळ वीतभर खाली जाऊन वळलंय आणि वेटोळं घालून बसलंय. पिशवीच्या तळाला टेकलेलं मूळ असंच वळतं; नव्या पोरांना मी हे दरवर्षी शिकवतो. एका वेटोळ्यात दुधाच्या पिशवीचा निळा तुकडा अडकला होता. ‘गाईचे ताजे’ एवढंच वाचता आलं.

मला रागवायचं होतं. पण त्याला जोर लागतो, आणि तो मागवायचा तर वरून मंजुरी आणावी लागेल. म्हणून फक्त तीन गोष्टी विचारतो. किती रोपं लावलीस? कधी? आणि कुठल्या तुरीची?

प्रस्ताव वर गेलेला आहे. साहेबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. अडतीस मुळं माझ्या टेबलाखाली पोत्यात आहेत आणि मी पाय वर घेऊन बसतो आहे.

आदिनाथ

*

कुंभार पिंपळगाव
२ फेब्रुवारी २०२५

चि. आदिनाथास आशीर्वाद.

तुहं जुलैतलं पत्र पुढ्यात ठिवून लिव्हून राह्यले. त्यात लिव्हलंय, “नऊ नंबर जगलीच पाहिजे.” “जगते का बघ” असं लिव्हलेलं न्हाई. कागदावर पुरावा राहतो, हे तुहंच म्हणणं.

तू इचारलं ते आधी सांगते. बेचाळीस लावली. जुलै सरता सरता नऊ नंबरात मर दिसली, रोज सकाळी दोन-चार माना खाली. त्याच दिवशी पिशव्यांत बी टाकलं. पोळ्याच्या आधी, दिवस वर यायच्या आत, दोन खेपांत लावली. मेलेली व्हती ती तोडून तिथंच गाडली, तुह्या नियमानं. शेणखत टाकलं न्हाई. बाकीच्या अकरा तासांना हात लावला न्हाई. ज्यांना मरायचं व्हतं ते मेले. माह्या बेचाळीसातली चार मेली, तीच शंभरात कमी पडली. तुह्या अठ्ठावन्नातलं मंग कुणी मेलं न्हाई.

कामून लावली ते बी ऐक. एक बाई जांबहून परत चालल्ती, लेकराला कडेवर घेऊन. नऊ नंबरपाशी थांबली अन् म्हणली, “मावशी, घरात गडीमाणूस न्हाई का कुणी? तूर अशी सुनी पडलीय.” भुजंग भावजी बांधावर. ते म्हणले, “हाये की, जालन्याचा भाऊ हाये. मोठा सायंटिस हाये, तुरी मारतो.” मला माह्यावरचं बोलणं गिळता येतं. तुह्यावरचं न्हाई आलं. तूर टोकली त्या दिवशी तू त्या तासापाशी उभा राहून हसला व्हता, लहानपणी चिंचा भेटल्यावर हसायचा तसा. मला वाटलं, बेचाळीस रोपांनी काय व्हतंय. आपण खाडे भरतोच की.

तू जेवायला बसला तवा सांगणार व्हते. तू तीनदा मोजून आल्ता अन् बोटं अजून हालवत व्हता. सांगता आलं न्हाई. मंग मुळं कापून द्यायची बुद्धी झाली, ती बी खोटीच. तुहं पत्र आलं, “मुळासकट.” तवा गाठी मारायला हातात जोर राह्यला न्हाई.

बी घरचंच. आजूबाजूला दुसरी तूर नको म्हणून तू सांगितलं, तीन साल झाले पेरली न्हाई. गाडग्याच्या तळाला राखंत जे व्हतं, ते सारं त्या पिशव्यांत गेलं. आता गाडगं पालथं हाये. सासूनं तिच्या सासूकडून घेतलेलं बी व्हतं ते. त्याचं मी माह्यं पाहीन.

दुसऱ्याच गोष्टीनं झोप न्हाई. तू म्हणला दहा हजार पिशव्या निघतील. ते बी लोक पेरतील अन् निम्मं उभ्या-उभ्या मरंल. त्यांच्या तासात खाडे भरायला मी कुठं कुठं जाऊ? साहेबाला माहं नाव सांग. म्हाताऱ्या बाईनं केलं म्हण. मला इथून कुणी काढणार न्हाई.

सगुणाआक्का

*

जालना
११ मार्च २०२५

ती. आक्कास,

उशीर झाला. इथे टेबल बदललं, त्यात आठ दिवस गेले.

तुझं पत्र आल्यावर पोतं घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी एक मूळ हातात घेतलं, फिरवून पाहिलं. म्हणाले, “जाधव, मुळं कुणी पाहिली?”

म्हटलं, “मी.”

“आणखी कुणी?”

“मी पाहिली, साहेब.”

त्यांनी मूळ टेबलावर ठेवलं आणि अर्जाची प्रत पुढे ओढली. मग म्हणाले, “अर्जात मुळांचा रकाना नाही.” मी म्हटलं, “तेविसावा रिकामा आहे.” अर्ज वरून परत मागवून त्यात लिहिलं: संशोधकाने शेतमालकास दिलेली लेखी सूचना चुकीची होती, त्यानुसार मेलेल्या झाडांच्या जागी नांगे भरण्यात आले, ओळ क्रमांक नऊची खरी मर बेचाळीस टक्के, प्रस्ताव मागे घेत आहे. तुझं नाव त्या रकान्यात बसत नव्हतं, जागा लहान होती. साहेबांनी सही केली. सही करताना एवढंच म्हणाले, “चित्र मात्र सुरेख आलं होतं.”

तुरीचं काम बंद झालं. मला बियाणं तपासणीत दिलं आहे. ओल्या कागदावर भेंडीचे शंभर दाणे ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचं. माझं मोजणं पक्कं आहे, असा माझा लौकिक आहे. तुझ्या वावराचा करारही संपला; पत्र वेगळं येईल, त्यातली भाषा मनावर घेऊ नकोस, ती मीच लिहिली आहे. आता त्या वावरात तीन-चार वर्षं तूर-हरभरा घेऊ नकोस. ज्वारी कर. वावर बरं करायला हरकत नाही.

तू म्हणशील, आठ वर्षं गेली. गेली. दहा हजार वावरं वाचली म्हणून स्वतःला शाबासकी द्यावी म्हटलं, पण ते फार फिल्मी होतं. घरी जाऊन झोपलो. बऱ्याच महिन्यांनी झोप लागली एवढं खरं.

आता तुझ्या तुरीबद्दल. नऊ नंबरने जिथे मान टाकली, नेमक्या त्याच खड्ड्यांत तुझी बेचाळीस लागली आणि अडतीस शेवटपर्यंत उभी राहिली. यावरून काही सिद्ध होत नाही. ती उशिरा लागली, पिशवीतल्या चांगल्या मातीसकट गेली, म्हणून वाचली असतील. हे मी कुणालाही सांगेन आणि बरोबर सांगेन. तरी जुनी वही काढली. तुझ्या तुरीवर मी मारलेली फुली होती तशीच ठेवली. शेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं. आठ वर्षांपूर्वी चांगल्या जमिनीऐवजी आजारी जमिनीत लावली असती, तर कदाचित फुलीआधी ते काढावं लागलं असतं.

नापास ओळीचं बी जाळायचं असा नियम आहे. नियम पुन्हा वाचला. तुझी अडतीस झाडं कुठल्याच ओळीची नाहीत. ती नापास कशी होणार? तीन दुपारी बसून, मूळ बघून, एकेका झाडाच्या शेंगा वेगळ्या काढून सोलल्या. नखं पुन्हा गेली, या वेळी तक्रार नाही. इथे वजनकाटे सात आहेत, मापटं एकही नाही. फकरोद्दीनने त्याच्या घरून आणून दिलं. त्याच्या बायकोने, रजियाभाभींनी, निरोप पाठवला की मापटं रिकामं परत करू नका, म्हणून त्यात भेंडी घालून दिली. तपासलेली आहे, उगवेल.

हे बी सगळं निव्वळ तुझंच आहे, असं छातीठोक सांगत नाही. मधमाशा इकडच्या फुलावरून तिकडे जातात, कुठल्या नंबरची ओळ ते विचारत नाहीत. थोडं नऊ नंबरचं त्यात मिसळलं असेल. राहू दे.

माझ्याकडे एक दाणाही ठेवलेला नाही. कधी लागलं तर तुझ्या दारात येऊन मागेन आणि मापटं सोबत आणेन.

पुड्याची गाठ मीच बांधली आहे. तुझ्यासारखी जमली नाही. फकरोद्दीनला सांगितलं आहे, टेम्पो सावकाश ने.

आत सव्वा मापटं तूर आहे. एक त्या वर्षी नेलेलं, पाव त्यावरचं. मोजून घे आणि राखेत ठेव.

आदिनाथ